नव्या माशाला आत घेताना

माझ्या आईने सगळा जन्म ठाण्याच्या बाजारात मेलेले मासे विकले, आणि मी तिची मुलगी असून जिवंत मासे विकत राहिले. आमच्या कोळीवाड्यात हा विनोद अजून चालतो. लग्नाकार्यात कुणी भेटलं की विचारतं, काय गं, तुझ्या पापलेटला आज ताप आहे का? मी हसते. चिडून उपयोग नसतो, कारण माझी आईच त्यात पुढे. कुणाचा तरी मासा मेला म्हणून मी हळहळत घरी आले की ती म्हणायची, "मासा मेला म्हनून रडतान लोका? मना त मेलेला नाय मिलाला त रडू यायचा."

वर्तकनगरला आमचं फिश टँकचं छोटं दुकान होतं. ते बंद केल्यावर मी डोंबिवलीत राहायला आले आणि घरोघरी जाऊन टँक सांभाळायचं काम धरलं. स्कूटर, एक बादली, एक लांब नळी, दोन जाळ्या आणि बाटल्यांची एक पेटी, एवढा माझा संसार. नव्या सोसायटीत गेले की वॉचमन हमखास विचारतो, "पेस्ट कंट्रोल?" एकाला मी सांगितलं, नाही रे बाबा, त्याच्या बरोबर उलटं काम आहे. त्याने वहीत "उलटं काम" असंच लिहिलं असावं, कारण दुसऱ्या वेळी काही न विचारता आत सोडलं.

लोकांना वाटतं मी मासे सांभाळते. खरं म्हणजे मी पाणी सांभाळते, मासे आपले आपण राहतात. नदीत मासा खातो, घाण करतो आणि पुढे निघून जातो. टँकमधला मासा जिथे जेवतो तिथेच सगळं करतो आणि त्याच पाण्यात श्वास घेतो. त्या घाणीचा अमोनिया होतो. हे पहिलं विष, जहाल. फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, ते अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. हे दुसरं विष, मुकाट्याने मारणारं. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. म्हणजे टँकचा जीव त्या मळक्या, बुळबुळीत स्पंजात असतो. आणि नेमका तोच बघून आपल्याकडच्या बायकांचे हात शिवशिवतात.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं आणि त्यात विष असतं. म्हणून माझी बाटल्यांची पेटी. काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग बघायचा. अमोनियाची नळी पिवळी राहिली तर बरं, हिरवी झाली तर वाईट. नायट्राइटची फिकट निळी राहिली तर बरं, जांभळी झाली की पळा. ती पाच मिनिटं गिऱ्हाइकाला फार जड जातात. चहा पुढे करतात, टीव्ही लावतात, आणि शेवटी सांगतात की ताई, पाणी चांगलंच आहे हो, आम्ही हेच पितो.

हे "आम्ही हेच पितो" प्रकरण मोठं आहे. कल्याणच्या एका सद्गृहस्थांनी मासे आपल्या घरचे आहेत म्हणून त्यांनाही घरचंच म्हणजे फिल्टरचं शुद्ध पाणी दिलं. पूर्ण टँक भरून. त्या मशीनने पाण्यातले सगळे क्षार काढून टाकलेले, मासे दोन दिवसांत मलूल. मी सांगितलं की माशाला क्षार लागतात, तर ते म्हणाले, मग इलेक्ट्रॉल घालू का? टिटवाळ्याच्या एका नव्या टॉवरमध्ये उलट तऱ्हा. तिथे पाणी बोअरचं, इतकं जड की नळाला पांढरे थर. तिथल्या माणसाला कुणीतरी सांगितलेलं की आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवा, घराला बरकत येते. काळा मेला की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं असं समजायचं आणि ताबडतोब दुसरा काळा आणायचा. महिन्यात चार काळे मासे गेले. मी म्हटलं, साहेब, एवढी संकटं एका घरावर येतात म्हणजे पाणी तपासायला हवं. तपासलं, बदललं, पाचवा काळा मासा टिकला. तर हे गृहस्थ नाराज, आता संकट कोण घेणार म्हणून.

हसण्यावारी नेते खरी, पण माणसं वाईट नसतात. उतावीळ असतात, इतकंच. नवा मासा घेऊन आलं की तो कधी एकदा पाण्यात सोडतो असं त्यांना होतं. आणि नवा मासा आत घेणं हे सून घरात आणण्याइतकं नाजूक काम आहे. म्हणून माझा एक नियम होता. नवा मासा आधी माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या वेगळ्या टँकमध्ये चौदा दिवस राहायचा. त्या टँकला मी धर्मशाळा म्हणते. रोग असेल तर तिथे बाहेर पडतो, कुणाला लागत नाही. मग ज्या घरी जायचं तिथलं पाणी तपासायचं, सगळ्या बाटल्यांनी. मग माशाची पिशवी बंद ठेवूनच टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं ऊन-गार सारखं होतं. मग तासभर थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घालत राहायचं, आणि शेवटी जाळीने फक्त मासा आत सोडायचा. दिवा बंद. त्या दिवशी जेवण नाही. एका वेळी एक, फार तर दोन. हा नियम मी दुकानाच्या काळापासून पाळला, आणि एकदा मोडला. त्या एकदाचीच गोष्ट सांगायची आहे.

ठाकुर्लीला मोरे म्हणून एक जोडपं राहतं. मोरेकाका परिवहनच्या बसवर कंडक्टर होते, निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय कसाबसा चालायला लागला, पण बोलणं गेलं. सगळं कळायचं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. ज्या माणसाने भरल्या बसमध्ये आयुष्यभर आवाज दिला, तो पाणी हवं असलं की भांडं वाजवायचा. काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं वैशाली, घर इतकं गप्प झालंय की कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटतं."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी काकूंना सांगितलं होतं की अशा माणसांना कधी कधी शब्द येत नाहीत, पण ओळीने म्हटलेले आकडे येतात, कारण ते जिभेच्या अंगवळणी पडलेले असतात. वस्तू पुढे ठेवा आणि मोजायला लावा. काकूंनी बटाटे ठेवले, चमचे ठेवले, काका तोंड फिरवायचे. त्यांच्या मुलीने कधीतरी हौसेने घेऊन दिलेला तीन फुटी टँक दिवाणखान्यात होता, त्यात मॉली जातीचे पाच मासे. एका सकाळी काका चहा पिऊन त्याच्यापुढे बसले असताना डावं बोट वर झालं आणि आवाज आला, "एक." काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "दोन. तीन." पाच झाले आणि काका थांबले, कारण मासे पाचच होते. पाचाच्या पुढचं त्यांना म्हणून बघा म्हटलं तरी म्हणेनात. समोर नाही ते मोजायचं नाही. कंडक्टरच तो.

मग काकूंनी मला बोलावलं. सहावा मासा हवा होता. पुढे असं ठरूनच गेलं. काका सहा आकडा आठवडाभर नीट म्हणाले की काकूंचा फोन, आणि मी धर्मशाळेतला चौदा दिवस राहिलेला एक मॉली घेऊन ठाकुर्लीला. रोज सकाळी दहाला, चहानंतर, मोजणी. मी असले तर मलाही उभं करायच्या. सात झाले, आठ झाले. नवव्याला काका अडले, तीन दिवस "नऊ"च्या ऐवजी नुसती हवा, चौथ्या दिवशी आला. दिवाळीच्या तोंडावर अकरा मासे होते आणि काका अकरापर्यंत जात होते. मी पुष्कळ घरी टँक सांभाळले, पण मासा सोडून निघताना पायरीवर थांबून डोळे पुसले ते याच घरी.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. मुलगी लक्ष्मीपूजनाला येणार होती, वर्षभराने. तिच्यासमोर काकांनी पंधरापर्यंत मोजावं असं काकूंच्या मनात भरलं होतं. चार मासे एकदम हवे होते. मी म्हटलं, काकू, एका वेळी चार नको, आणि माझ्याकडे आहेत ते सहाच दिवसांपूर्वी आलेत. काकू हळूच म्हणाल्या, "तिने बापाचा आवाज ऐकलेला नाही गं वर्षभरात. अकरा काय आणि पंधरा काय, तू म्हणशील. पण माझ्यासाठी आण."

मी त्याच दिवशी चार मासे घेऊन गेले. पाणी तपासलं. अमोनियाची नळी पिवळी, आम्लताही जिथल्या तिथे. नायट्राइटची बाटली संपत आलेली होती, आणि मी म्हटलं, वर्षानुवर्षं चाललेला टँक आहे, इथे नायट्राइट कधी येतच नाही, आणि ती नळी घेतलीच नाही. नवी पेटी घरी कपाटात होती. मी आणखी एक गोष्ट केली नाही. काही साफसफाई केली का, हे एका वाक्यात विचारायचं असतं, ते विचारलं नाही. चारही मासे रीतसर तासभर पिशवीत ठेवून सोडले आणि दुसऱ्या सकाळी काका पंधरापर्यंत गेले, असा काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. त्याच्या पुढच्या सकाळीही पंधरा.

नरकचतुर्दशीला माझं उटणं अजून अंगावर होतं तेवढ्यात फोन वाजला. काकू दबक्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे काका शेजारच्या खोलीत असणार. मासे वर येऊन तोंड उघडत होते, आणि तीन मेले होते.

मी गेले तेव्हा आठ वाजून गेले होते. बारा मासे पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकत होते. अमोनिया तपासला, पिवळा. आम्लता तीच. सहा दिवसांचे मासे धर्मशाळेतून आणून मी रोग या घरात सोडला, असंच मनाने घेतलं. पण मेलेल्यांत दोन जुने होते आणि एकच नवा, आणि अंगावर ना ठिपका ना बुरशी. काकू माझ्या मागे उभ्या राहून पदर पिळत होत्या. दहाला काका येऊन बसतील, त्याआधी तसेच तीन आणून सोड, त्यांना कळायला नको, म्हणाल्या. लोक असं पोरांसाठी करतात, मी शंभरदा करून दिलेलं आहे. मीही हो म्हटलं. मेलेले तीन मासे त्याच पाण्याच्या पिशवीत घेतले, दुकानात रंग जुळवायला, आणि हवेचा मोठा पंप आणावा म्हणून आधी घरी वळले.

आई आता माझ्याकडेच असते, गुडघे गेल्यापासून. ओट्यापाशी स्टूल टाकून करंज्यांचं सारण चाखत बसली होती. मी पिशवी ओट्यावर ठेवून पंप शोधायला आत गेले आणि बाहेर येते तर आईने एक मासा तळहातावर घेतलेला. बोटभर सुद्धा नाही, पण तिने त्याचा डोळा बघितला, पोट दाबलं, वास घेतला आणि अंगठ्याच्या नखाने कल्ला उचलला. मासा हातात आला की तिचा अंगठा तिथे जातोच. कल्ला लाल असेल तर ताजा, काळपट असेल तर शिळा, हे आपल्याकडे कुणीही मासे घेणारा जाणतो. आई बराच वेळ बघत राहिली. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला.

"यो शिला नाय," ती म्हणाली. "डोला चकचकीत हाय, आंग टणक हाय. मंग कल्ला कसा गो भुरा? तिघांचा बी भुरा. असा मी बाजारात कवा बघला नाय."

मी तिथेच उभी राहिले. ताज्या माशाचा कल्ला तपकिरी होतो तो एकाच कारणाने, हे मी पुस्तकात वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त हवा उचलत नाही आणि लाल रंग जाऊन चॉकलेटी होतो. मासा पाण्यात हवा असूनही गुदमरतो. तीस वर्षं मी नळ्यांचे रंग बघत आले आणि माशाचा रंग बघायचा राहिला. तो माझ्या आईने बघितला, जिला नायट्राइट म्हणजे काय ते सात जन्मांत ठाऊक नाही.

कपाटातली नवी पेटी काढली. माझ्या घरच्या टँकमधल्या फिल्टरचा मळका स्पंज काढून पिशवीत भरला. आणि आईला खडे मीठ मागितलं. सुकट करायला ती मिठागरातलं जाडं मीठ डब्यात भरून ठेवते, त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नाही. मिठातला क्षार माशाच्या कल्ल्यापाशी नायट्राइटची वाट अडवतो, एवढंच मी तिला सांगितलं. तिने डबाच माझ्या हातात दिला. "जिता रवाला बी मीठच लागता न," म्हणाली आणि पुन्हा सारणाकडे वळली.

ठाकुर्लीला पोचले तर साडेनऊ. नायट्राइटचे थेंब टाकले आणि पाच मिनिटं थांबायचीसुद्धा वेळ आली नाही, नळी जांभळीकच्च झाली. मी काकूंना विचारलं, जे तीन दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं. काकूंचा चेहरा क्षणभर उजळला. हो, केली ना सफाई, दिवाळीची. फिल्टर उघडून स्पंज साबणाच्या पाण्यात घासला, नळाखाली खळाखळा धुतला, गॅलरीत दोन दिवस उन्हात वाळवला. खालची खडीसुद्धा. "मोरी झाली, माळा झाला, म्हटलं ह्यांच्या टँकनेच काय पाप केलंय," असं म्हणता म्हणता माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या.

टँकचा जीव त्यांनी धुऊन उन्हात वाळत घातला होता. पहिल्या जातीचे जिवाणू आठ-दहा दिवसांत थोडेफार परत आले, ते अमोनिया खायला लागले, म्हणून माझी नळी पिवळी. दुसऱ्या जातीचे यायला उशीर लागतो. मधल्या काळात दुसरं विष साचत गेलं आणि त्यात मी चार मासे जास्तीचे घातले. मी काकूंना हे सांगितलं आणि हेही सांगितलं की तुम्ही साफ केलंत ते न कळून केलंत, मी तपासलं नाही ते कळत असून. चूक माझी मोठी आहे. काकूंनी बादली आणून दिली.

अर्धं पाणी काढलं. ताज्या पाण्यात क्लोरीन मारायचं औषध घालून, ऊन-गार सारखं करून भरलं. मीठ तांब्यात विरघळवून थोडं थोडं सोडलं. मॉलीला मीठ मानवतं, हे आमचं नशीब. पंप जोडला, माझ्या घरचा मळका स्पंज फिल्टरमध्ये बसवला, जसं शेजारणीकडून विरजण आणतात तसे माझ्या टँकचे जिवाणू त्यांच्या टँकला दिले. मासे अजून वरच होते. आणि दहाला पाच कमी असताना काकूंनी माझा हात धरला.

"आणि ते तीन?"

मी सांगितलं, नाही आणणार. या पाण्यात आत्ता नवा मासा सोडला तर संध्याकाळपर्यंत तोही जाईल, आणि आहेत त्यांच्या तोंडची हवा काढेल. काकू म्हणाल्या, नवव्याला अडले तेव्हा तीन दिवस जेवले नव्हते, आज बाराच दिसले तर बोलायचंच सोडतील, उद्या पोरगी येते आहे, मी तिला काय दाखवू? मी मान हलवत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं ते मला दिसत होतं आणि तरी मी नाही म्हणत होते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी असं नाही म्हटलं असतं तर ही पाळी आली नसती, हे दोघींनाही कळत होतं.

तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. दहा वाजले होते आणि बोलवायला कुणी आलं नव्हतं, म्हणून काका स्वतःच निघाले होते. दारात थांबले. जमिनीवरचं पाणी, बादल्या, नळ्या, मी, काकूंचा चेहरा, सगळं एकदा बघितलं आणि येऊन आपल्या खुर्चीत बसले. डावं बोट वर केलं.

मोजायला त्या दिवशी सोपं होतं, मासे सगळे वर होते. एक, दोन, तीन. काकू स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. आठ, नऊ. नववा नीट आला. दहा, अकरा. "बारा." बोट तसंच हवेत राहिलं. काकांनी कोपऱ्यात बघितलं, रोपाच्या मागे बघितलं, पुन्हा पहिल्यापासून मनातल्या मनात मोजल्यासारखं बोट फिरवलं. त्यांचे ओठ हलले, हवा आली, आवाज नाही. पुन्हा हलले.

"तीन उतरले," काका म्हणाले.

काकू गर्रकन वळल्या. झटका आल्यापासून त्या तोंडातून आकड्याशिवाय निघालेला तो पहिला शब्द होता. तो त्यांच्या नोकरीतलाच निघाला, स्टॉप आला की सांगायचा तो. काका आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. काकू त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसल्या, त्यांच्या लुळ्या हातावर डोकं टेकून. "हो, उतरले," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, हे सांगायला हवं. बाराच्या बारा मासे जगले, दुपारपर्यंत खाली उतरून फिरायला लागले. दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा काकांनी बारापर्यंत मोजलं आणि तेच दोन शब्द तिला सांगितले. ती काय समजायचं ते समजली. पुढे हळूहळू "पाणी" आलं, "नको" आलं, काकूंचं नाव यायला सहा महिने लागले. पुष्कळ काही आलंच नाही आणि येणारही नाही, असं बोलायला शिकवणाऱ्या त्या बाई म्हणतात. पण आम्ही दोघी काकांना खोटे तीन मासे दाखवून पंधरा म्हणायला लावणार होतो, आणि ते म्हणालेही असते. मग "उतरले" कधी आलं असतं, कुणास ठाऊक. ते तीन मासे मात्र माझ्या हातून गेले. माझ्या धंद्यात मेलेले मासे मोजत बसलं तर जगणं कठीण, पण हे तीन मी विसरत नाही.

तेव्हापासून दुधाने तोंड पोळल्यासारखं ताकही फुंकून पिते. पेटीत प्रत्येक बाटली दोन. कितीही जुना टँक असो, सगळ्या नळ्या. आणि दिवाळीच्या महिनाभर आधी सगळ्या घरी फोन करून सांगते की माळा घासा, मोरी घासा, फिल्टरला हात लावाल तर याद राखा. दोन-चार बायका रागावल्या आहेत. आई म्हणते, कल्ला बघायला शिक. मेलेला मासा आता मीही तिच्याकडे नेते, ती अंगठा लावते आणि शिळा-ताजा सांगते.

काकांच्या टँकमध्ये हल्ली चौदा मासे आहेत, त्याहून जास्त मी घालणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. एखादा उतरला तर एक नवा, चौदा दिवस धर्मशाळेत राहून, पाणी पूर्ण तपासून. पिशवी टँकवर तरंगत ठेवते, तासभर थोडं थोडं पाणी घालते, काका खुर्चीत बसून पिशवीकडे डोळा लावून असतात. टँकच्या काचेवर टिचक्या मारू नका, मासे दचकतात, हे मी तीस वर्षं घरोघरी ओरडून सांगत आले आहे, पाहुण्यांच्या पोरांना रागे भरले आहे. मासा जाळीत घेतला की मी थांबते. काका डावा हात पुढे करतात आणि काचेवर दोनदा वाजवतात, टण टण. बस सोडायची डबल बेल. मगच मी मासा आत सोडते.